चावी कधी द्यायची

ती. आई-बाबांस शि. सा. न.

डोंबिवलीच्या जागेची अनामत काल भरून आले. विचारून करायला हवं होतं, कळतंय मला. पण आपली चाळ पाडून नवी बांधेपर्यंत बिल्डर महिन्याला जे भाडं देऊ करतोय त्यात लालबागेत माळासुद्धा मिळत नाही, आणि तुम्हाला ट्रान्झिट कॅम्पात पाठवायला माझं मन घेत नाही. पहिला मजला आहे, लिफ्ट आहे, संडास घरातच. रात्री बाबांना भिंत धरत गॅलरीच्या टोकाला जायला नको. केईएमच्या तारखेला धिमी गाडी थेट परळला थांबते, मी सोबत येईन. आई, तुळशीला सकाळचं ऊन मिळतं, उभं राहून बघितलंय.

पण लगेच बोचकी बांधू नका. आधी कागद.

भाडेपावती अजून आजोबांच्या नावावर आहे. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरू गेल्यावर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाला भाडेहक्क मिळतो, म्हणून बाबांनी घाबरायचं कारण नाही. तरी नवं घर कुणाला ते ज्यावरून ठरतं त्या म्हाडाच्या प्रमाणित यादीत नाव वादाविना चढावं म्हणून काका आणि आत्याचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र घेऊन ठेवू. आत्याला फोन आईनं करावा, बाबांनी नको. का ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि मध्ये फळी ठोकून दोन खोल्या दाखवायचं शेजारचं शहाणपण ऐकू नका. १३ जून १९९६ नंतरची वाढीव बिऱ्हाडं धरत नाहीत.

तीनशे चौरस फूट म्हणजे मेहेरबानी असल्यासारखं बिल्डर बोलतो. जुन्या चाळींच्या पुनर्विकासाचा जो नियम आहे, ३३(७), त्यात ते किमान आहे. त्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे जादा बांधता येणारं क्षेत्र जुन्या रहिवाशांच्या घरांसाठी प्रीमियम न भरता मिळतं, म्हणजे ४०५ होतात. ते बिल्डरला स्वतःच्या विक्रीच्या टॉवरकडे वळवता येत नाही. सभेत हाच आकडा विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. रेरा कायद्याच्या कार्पेटमध्ये, म्हणजे घरातल्या वापराच्या क्षेत्रात, आतल्या भिंतींची जाडीही मोजतात, म्हणून खोल्यांची आतली लांबी-रुंदी लिहिलेला नकाशा मागा.

विचारायचं काम आईनं करावं. पावत्या पुरुषांच्या नावावर म्हणून बायका दाराशी बसतात. पण पाण्याची वेळ, मोरीचा उतार, कपडे वाळत घालायची जागा हे त्यांनाच कळतं. आपली इमारत विक्रीच्या टॉवरमागे किती फुटांवर येणार, लिफ्ट किती, लिफ्ट-पंपाचा महिन्याचा खर्च कुणाच्या खिशातून, हेही विचार. घर फुकट मिळालं तरी देखभाल परवडली नाही की माणसं ते विकून निघून जातात. तळमजल्यावरच्या मावशींकडे पावती नाही, त्या पोटभाडेकरू. त्यांना यातलं काही मिळेल असं दिसत नाही. त्यांच्यासमोर नव्या घराचं फार बोलू नका.

बाबा, संमतीपत्रावर भिडेखातर सही करायची नाही. ५१ टक्के रहिवाशांच्या सह्या झाल्या की काम पुढे सरकतं, आणि ही संमती मागे घेता येत नाही. कोरा कागद तर मुळीच नको. वाचायला घरी ठेवा म्हणावं, मुलगी बघेल.

खोली रिकामी करायची ती करारनामा दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्यावरच. त्यात मजला, घराचा क्रमांक, क्षेत्रफळ, जोडलेला नकाशा हवा, आणि भाडं ताबा मिळेपर्यंत, दरवर्षी वाढीसह. पुढच्या तारखांचे अकरा धनादेश हातात आले की लोक निर्धास्त होतात. गोची बाराव्या महिन्यात होते. गोरेगावच्या पत्राचाळीत ६७२ कुटुंबं घरं सोडून बसली, काम अडलं, भाडंही थांबलं. म्हणून बिल्डरनं भाडं थकवलं तर बँकेनं भरावं, असं बँक हमीचं कलम हवंच.

रागावू नका. गॅलरी जाणार याचं मलाही वाईट वाटतंय, अजून तिथलीच झोप लागते मला. पावत्यांचा पत्र्याचा डबा खाली काढून ठेवा, स्टुलावर बाबांनी चढायचं नाही. शनिवारी येऊन फाइल लावते. तोवर कुणी चावी मागितली तर माझ्याकडे आहे म्हणा.

तुमची,
बेबी