मॅडम, तुम्ही आप्पांना खुर्ची दिलीत

आदरणीय मॅडम,

लघुशोधप्रबंध जमा झाला, तोंडी परीक्षाही झाली. फोनवर आभार मानायला गेले तर तुम्ही ‘अगं, काम तूच केलंस’ म्हणून विषय मिटवून टाकलात. माझ्या मनातून तो मिटत नाही, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

तुम्ही माझ्या गाईड नव्हतात. आमच्या कॉलेजच्याही नव्हतात. तुमचा विषय संख्याशास्त्र, माझा अर्थशास्त्र. ना ओळख, ना कुणाची चिठ्ठी. ज्यांचं ते कामच होतं, त्यांच्या दारातून मी परत आले होते.

माझा प्रश्न आमच्या घरातलाच होता: केळीची आवक आणि केळीचा भाव. चोपडा, यावल, रावेर हा सगळा पट्टा या पिकावर उभा आहे. 2016 साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आहेच. पण पुढच्या आठवड्यात भाव काय निघेल, या काळजीने आजही आमच्याकडे झोप उडते. बाजार समित्यांचे आकडे उतरवून मी रिग्रेशन (आवक बदलली की भाव किती बदलतो, याचा आकड्यांवरून काढलेला हिशोब) चालवलं, तर आवकेच्या सहगुणकाचं, म्हणजे त्या बदलाच्या आकड्याचं, चिन्ह अधिक (+) आलं. म्हणजे माल जास्त आला की भाव चढतो! आमच्या पारावर हे कुणाला पटलं असतं? मलाही पटत नव्हतं, आणि तसं मी विचारलंही. उत्तर मिळालं, “आर-स्क्वेअर चांगला आलाय ना? मग झालं. चिन्ह खटकत असेल तर एखादं व्हेरिएबल काढून बघ, सरळ होईल.” (आर-स्क्वेअर म्हणजे समीकरण आकड्यांशी किती जुळतं, त्याचं माप.) दुसरीकडे गेले, तर “मराठी माध्यमाच्या मुलींनी इकॉनोमेट्रिक्सच्या नादी कशाला लागायचं?” हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. एखाद्याला येत नसेल तर त्याने तसं सांगावं. समोरच्याची लायकी काढायचा अधिकार कुणी दिला?

त्या संध्याकाळी तुमच्या विभागात मी प्रिंटआउट घेऊन बसले होते. आप्पा, माझे वडील, मला घ्यायला थेट शेतातून आले होते, कापणीच्या सदऱ्यावर. केळीचा चीक कपड्याला लागला की तो डाग जन्मात निघत नाही. त्यांचा तो सदरा पुढून सगळा तपकिरी-काळा झालेला. ते दाराबाहेरच थांबले. ‘तुमचं चालू द्या’ म्हणाले. तुम्ही मान वर करून पाहिलंत, उठलात, आणि स्वतःची खुर्ची त्यांच्यापुढे ओढलीत. “काका, आत या. तुमच्याशीच काम आहे.” डाग लागेल म्हणून ते बसेनात. तुम्ही त्यांच्या दंडाला धरून बसवलंत आणि स्वतः स्टुलावर बसलात.

मग वही उघडून विचारलंत, “काका, भाव वाढला म्हणून तुम्ही कापणी करता, की कापणी वाढली म्हणून भाव पडतो?”

आप्पा म्हणाले, “भाव वाढना का आम्ही कापतस, माल उना का भाव पडस.”

तुम्ही ते वाक्य जसंच्या तसं, अहिराणीतच, वहीत उतरवून घेतलंत. शेजारी कंसात ‘काका’ लिहिलंत. त्याखाली दोन समीकरणं मांडलीत, एक मागणीचं, एक पुरवठ्याचं, आणि माझ्याकडे वळून म्हणालात, “बघ, एन्डोजेनिटी. काकांनी सांगितली.” म्हणजे आवक भावाला हलवते आणि भाव आवकेला.

रमजान, श्रावण, नवरात्र आलं की उत्तरेकडची मागणी वाढते, भाव चढतो, आणि त्या भावापायी कापणीही वाढते. आवक आणि भाव दोन्ही सोबतच वर जातात, आणि साधं रिग्रेशन तेवढंच पाहतं. वर्गात हे शिकवलं गेलं होतं, फळ्यावर, पाठ करण्यासाठी. त्या दिवशी ते मला कळलं.

तुमचा दुसरा प्रश्न होता, “असं काय घडतं, की माल कमी होतो, पण दिल्लीतल्या गिऱ्हाइकाला त्याचं काही नसतं?” आप्पांनी क्षणाचाही विचार केला नाही. वादळ. मे-जूनमध्ये वारं सुटलं की घडांनी लदलेल्या बागा आडव्या होतात. त्यांनी वर हेही सांगितलं, की पडलेला तयार माल आधी स्वस्तात बाजारात येतो, खरी टंचाई नंतर लागते. तुम्ही ते ‘लॅग’, म्हणजे उशिराने दिसणारा परिणाम, म्हणून टिपून घेतलंत. त्याच दिवसांत आंबाही येतो, म्हणून दरवर्षीचे तेच आठवडे एकमेकांशी ताडून पाहायला लावलंत. वादळाच्या रूपाने मला मिळालं इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल, म्हणजे पुरवठा हलवणारा पण मागणीला न शिवणारा घटक. 1928 साली फिलिप राइट यांनी जवसाच्या मागणी-पुरवठ्याचा गुंता याच वाटेने सोडवला होता, हे तुम्ही आप्पांनाही सांगितलंत. घरी येताना ते गाडीवर मला विचारत होते, “म्हंजे जवसवाल्यांचंबी असंच व्हतं?”

पुढचं सगळं घरच्या जुन्या लॅपटॉपवर, फुकट मिळणाऱ्या ग्रेटल या सॉफ्टवेअरमध्ये झालं. चिन्ह वजा आलं, म्हणजे माल वाढला की भाव पडतो. स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाजातली अनिश्चितता, मोठा आला, तेव्हा तुम्ही म्हणालात, “आलाय तसाच छाप, लपवायचा नाही.” व्हेरिएबल काढून चिन्ह सरळ करायला सांगणाऱ्यांनी हे ऐकायला हवं होतं.

मॅडम, पद्धत मी आज ना उद्या पुस्तकातून शिकले असते. पण आप्पांनी आयुष्यभर ऑफिसांच्या दारात उभं राहून बोलणी केलेली मी पाहिली आहेत. बँकेत उभे, विम्याच्या नुकसानभरपाईसाठी उभे, माझ्या अ‍ॅडमिशनच्या वेळी उभे. शिकलेल्या माणसाने त्यांना बसवून काही विचारावं आणि ते लिहून घ्यावं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. सभ्यपणाला पैसा लागत नाही, वरून परिपत्रक यावं लागत नाही, तरी तो किती ठिकाणी औषधालाही सापडत नाही! मोठ्या पदावरची माणसं खूप भेटली. तुमच्याएवढं मोठेपण त्यांच्यात नव्हतं.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव आहे आणि आप्पांचंही, ‘माहिती व मार्गदर्शन’ याखाली.

आता पुढचा प्रश्न आप्पांनीच काढला आहे. बोर्डावर जाहीर होणारा भाव आणि व्यापारी बांधावर प्रत्यक्ष देतो तो भाव वेगळा असतो. मग माझ्या आकड्यांतला भाव कुठला? त्यांनी जुन्या काटापट्ट्या (मालाच्या वजनाच्या आणि भावाच्या पावत्या) ट्रंकेतून काढून तारखेप्रमाणे लावल्या आहेत, आणि मी दोन्ही भाव शेजारी शेजारी भरायला सुरुवात केली आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी तुम्हाला वेळ असेल तर घेऊन येते. आप्पाही येणार म्हणतात.

आपली कृतज्ञ,
चोपडा तालुक्यातील एक विद्यार्थिनी