जुने कपडे जरूर घ्या, पण उलटे करून पाहा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

वापरलेले कपडे विकत घेण्यात आता कुणाला कमीपणा वाटत नाही. कॉलेजातली मुले ‘थ्रिफ्ट’ या नावाने इन्स्टाग्रामवरून जॅकेटे मागवतात, लग्नसराईत जुन्या पैठण्यांना मागणी येते, आणि वर्तमानपत्रांतूनही या विषयावर भरपूर लिहिले जाते. लिहिणारे बहुधा स्वस्ताई आणि पर्यावरण या दोनच मुद्द्यांवर बोलतात. कपडा पारखायचा कसा, हे कोणी सांगत नाही. मग दोनशेची जीन्स घेऊन गिऱ्हाईक अल्टरेशनवाल्याकडे येते आणि दुरुस्तीचे तीनशे ऐकून तोंड पाडून परत जाते. शिलाई आणि रफूच्या कामात रोज नजरेखालून जाणाऱ्या कपड्यांवरून काही गोष्टी वाचकांना कळवाव्यात, म्हणून हे पत्र.

मुळात हा व्यवहार आपल्याकडे नवा नाही. बोहारीण दारात बसून चार पँटी आणि एका साडीवर स्टीलचा डबा द्यायची, तो हाच धंदा. तिने नेलेला शर्ट पहाटेच्या बाजारात जातो. तिथून घेणारा तो धुतो, टाके घालतो, इस्त्री करतो आणि आठवडी बाजारात मांडतो. मुंबईत कामाठीपुऱ्याच्या डेढ गल्लीत शुक्रवारी उजाडायच्या आत बाजार भरतो, पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी. अशा ठिकाणी अंधारात खरेदी करायची असेल तर मोबाइलचा टॉर्च कपड्यावर मारू नका. तो कपड्याच्या आत धरा. विरलेली जागा, कसरीची भोके, घाईने घातलेले टाके, सगळे बाहेरून लख्ख दिसते.

एकाच ढिगात तीन वेगळ्या जातींचा माल असतो आणि विक्रेता तिन्हींना एकच नाव देतो. पहिला, इथलाच वापरलेला. दुसरा, निर्यातीतून उरलेला, ज्याला बाजार ‘सरप्लस’ म्हणतो. मुंबईच्या फॅशन स्ट्रीटची ख्याती त्यावरच झाली. हा न वापरलेला असतो, पण बहुतेकदा काहीतरी खोट निघाल्यामुळेच बाजूला पडलेला. लेबल अर्धे कापलेले किंवा त्यावर मार्करची रेघ असेल, तर दोन्ही बाह्या एकमेकींना लावून लांबी पाहा आणि पुढचे दोन भाग शेजारी धरून रंगाची छटा जुळते का ते बघा. लेबल धडधाकट, छपाई झगझगीत आणि भाव मातीमोल असेल, तर तो बहुधा सरप्लस नसून नक्कल असते. तिसरा माल परदेशी वापरलेला. वापरलेले कपडे आयात करायला परवाना लागतो. गुजरातेत कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात अशा मालाच्या गाठी, म्हणजे आवळून बांधलेले गठ्ठे, फोडून कपडे निवडले जातात. त्यातला बराच माल पुन्हा परदेशी जातो, आणि फाडून चिंध्या केलेली लोकर पानिपतला जाते. तिथे तिच्यापासून शॉडीचा, म्हणजे चिंध्यांपासून पुन्हा कातलेला, धागा आणि ब्लँकेटे बनतात. अख्खी जॅकेटे तरीही फुटपाथवर येतात, हे बाजारात फिरणाऱ्या कुणालाही दिसते. त्यांचे कापड बहुधा उत्तम असते, पण बाह्या लांब आणि अस्तर आपल्या हवेला जड.

आता पारख. कोणताही कपडा आधी उलटा करा. उजवी बाजू विकणाऱ्याने सजवलेली असते, डावीवर कोणी मेहनत घेत नाही. शर्ट असेल तर कॉलरची घडी, कफची कड आणि बगल या तीनच जागा पाहिल्या तरी पुरे. आपल्याकडे कॉलर ब्रशने घासतात, त्यामुळे कापड शाबूत असले तरी घडीवर फिसकटते. अशी कॉलर उसवून उलटवता येते आणि शर्ट आणखी दोन-तीन वर्षे निघतो. मात्र कॉलरच्या खालच्या बाजूला प्लॅस्टिकची पट्टी घालायचे खाचे असतील तर उलटवू नये, ते खाचे वर येतात. बगलेतला पिवळा, कडक झालेला डाग हा नुसत्या घामाचा नसतो. डिओडरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार घामाशी मिळून तो बनतो. त्यावर ब्लीच ओतले की डाग आणखी गडद होतो. कापड तिथे पुठ्ठ्यासारखे ताठ लागत असेल तर भाव कितीही उतरवला तरी घेऊ नका.

जीन्सवर थोडे जास्त लिहावे लागेल, कारण सर्वांत जास्त फसवणूक तिच्यात होते. विटलेल्या जीन्सला काळा किंवा निळा रंग मारून ती नवी म्हणून विकली जाते. रंग मारणारा पट्टीचा असला तरी दोन जागा त्याच्या हातात नसतात. एक, खिशाच्या आतले पांढरे कापड. ते सुती असते आणि जीन्सबरोबर रंग पिऊन राखाडी किंवा निळसर होते. दुसरी, शिलाईचा दोरा. तो बहुधा पॉलिएस्टरचा असल्यामुळे सुताचा रंग घेत नाही, आणि नव्याने रंगवलेल्या कापडावर तोच विचित्र उठून दिसतो. खिसा बाहेर ओढून पाहा, मग ओला पांढरा रुमाल मांडीवर दहा वेळा जोरात घासा. रुमालावर थोडा निळा अंश नव्या गडद जीन्सचाही येतो. काळा ओघळ आला तर समजून जा. यानंतर दोन मांड्यांच्या मध्ये, चार शिवणी मिळतात तिथे, आतून प्रकाश धरा. तिथले कापड विरले असेल तर रफूचा उपयोग नाही. रफू धडधाकट कापडावर उभा राहतो. आजूबाजूचे सूतच मेले असेल तर रफूच्या कडेने नवी फाट पडते. स्ट्रेच जीन्स असेल तर गुडघ्याजवळचे कापड आडवे ताणून सोडा. ते जागेवर न येता लहरी राहिल्या, किंवा बारीक पांढरे केस वर आलेले दिसले, तर आतला रबरी धागा तुटलेला आहे. त्यावर जगात उपाय नाही.

शिंपी काय करू शकतो आणि काय नाही, हे आधीच माहीत असले तर निम्मे पैसे वाचतात. लांबी कमी करणे, बाजू दाबणे, चेन बदलणे ही साधी कामे. चेन घसरत असेल तर आधी रनर (चेनची सरकती कळ) पकडीने हलकासा दाबून बघावा, पुष्कळदा तेवढ्यावर भागते. दात तुटला असेल तर मात्र अख्खी चेन बदलावी लागते. पँटची कंबर दोन इंचांपर्यंत आत घेता येते. त्याहून जास्त घेतली की मागचे दोन खिसे एकमेकांना भिडतात. बाहेर सोडायची असेल तर मागच्या शिवणीत जादा कापड आहे का ते बघा. शिंप्याने शिवलेल्या जुन्या पँटीत ते सापडते, रेडिमेडमध्ये इंटरलॉक (कडेची यंत्रशिलाई) मारून जेमतेम अर्धा इंच ठेवलेले असते, आणि जीन्समध्ये नाहीच. मोहरी, म्हणजे पँटच्या पायाची खालची कड, सोडून लांबी वाढवली तर जुन्या घडीची रेघ आणि न विटलेला पट्टा दिसणारच. ब्लेझरचा खांदा हाडाच्या बाहेर उतरत असेल तर तो घेऊ नका. खांदा बसवण्याची मजुरी कोटाच्या किमतीवर जाते, आणि तरीही तो बसेल याची खात्री नसते. ब्लेझरच्या छातीवर फोड आल्यासारखे दिसत असेल तर आतला चिकटवलेला कॅनव्हास (ताठपणा देणारा थर) सुटलेला आहे. इस्त्रीने तो दुकानात बसतो, पहिल्या पावसात पुन्हा उठतो.

बॅगा आणि बूट घेताना मुंबई-कोकणची दमट हवा लक्षात ठेवावी. नकली लेदरवरचा पॉलियुरेथेनचा थर ओलाव्याने आपोआप कुजतो. न वापरता कपाटात ठेवलेली बॅगही पापुद्रे सोडते. पट्टा दुमडून बघा, घडीत बारीक भेगा दिसल्या तर दोन महिन्यांत खपल्या पडणार. त्याच कारणाने कधीही न घातलेल्या बुटांचे पॉलियुरेथेनचे तळवे चालता चालता भुगा होतात. तळव्यात नख रुतवा. खूण राहिली किंवा चुरा आला तर ते बूट दिसायला कितीही कोरे असोत, सोडा.

जुन्या पैठणीत फसगत मोठी होते, कारण रक्कम मोठी असते. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. मोर, कमळ उलट्या बाजूलाही तितकेच स्वच्छ. मागे लोंबते किंवा कापलेले धागे दिसले तर ती पॉवरलूमची किंवा जॅकार्डची (नक्षी यंत्राने उठवणाऱ्या मागाची) नक्कल आहे. जरीसाठी पदराच्या टोकाचा एकच धागा मागून घ्या आणि जाळा. प्लॅस्टिकची जरी वितळून गोळी होते. धातूची असेल तर आतला धागा जळून बारीक तार उरते. तार चांदीची की तांब्याची, हे सराफाच्या कसोटीवर ठरवून घ्यावे. दारावर जुनी जरी विकत घेणारे येतात त्यांना साडी देण्याआधीही हेच करावे, कारण त्यांचा भाव ते स्वतःच सांगतात. रेशीम घडीवर चिरते. साडी पूर्ण उलगडा आणि जुन्या घड्यांवरून बोट फिरवा. कापड कागदासारखे कुरकुरले तर ते रफूलाही धरणार नाही. अशा साडीचा भाव साडी म्हणून करू नये. पदर आणि काठ शाबूत असतील तर ते काढून नव्या रेशमावर बसवता येतात, तेवढीच किंमत द्यावी. घरी आणल्यावर जरीला डांबरगोळी लागू देऊ नका, जरी काळवंडते. सुती कापडात गुंडाळा आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला.

स्वच्छतेबद्दल लोक एक तर अति घाबरतात, नाही तर काहीच करत नाहीत. कपडा अंगाला थेट लावून मापू नका. आणलेली पिशवी पलंगावर वा कपाटात ठेवू नका. सुती कपडे साठ अंशांच्या पाण्यात धुवा आणि शिवणींवरून गरम इस्त्री फिरवा, कारण ढेकूण आणि त्यांची अंडी शिवणीतच दडलेली असतात. खरजेचे किडे माणसाच्या अंगाबाहेर साधारण दोन-तीन दिवसच जगतात, त्यामुळे न धुता येणारे जॅकेट आठवडाभर बंद पिशवीत ठेवले की ती भीती जाते. ढेकूण मात्र त्याने मरत नाहीत. ते उपाशी महिनोन्महिने राहतात. लोकरीचे कपडे घट्ट पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये उणे अठरा अंशांवर चार-पाच दिवस ठेवा, मग रिठ्याच्या कोमट पाण्यात न पिळता धुवा. अंतर्वस्त्रे, पोहण्याचे कपडे आणि हेल्मेट जुने घेऊच नये.

ऑनलाइन विक्रेत्यांना एक विनंती आहे. ‘मीडियम’ आणि ‘लार्ज’ लिहिणे बंद करा. बायकांच्या कपड्यांत ब्रिटिश दहा म्हणजे अमेरिकन सहा आणि युरोपियन अडतीस; त्यात वापरलेला कपडा धुऊन आटलेला असतो, तेव्हा लेबलवरचा आकडा निरर्थक आहे. कपडा सपाट पसरून छाती, खांदा, बाही आणि लांबी, पँट असेल तर कंबर, मांडी, मोहरी आणि आतली लांबी, इंचांत लिहा. बगलेचा, कॉलरच्या आतल्या बाजूचा आणि प्रत्येक डागाचा फोटो खिडकीच्या उजेडात, फिल्टर न लावता टाका. घेणाऱ्याने आपल्या अंगाला बसणारा एक शर्ट असाच पसरून मापावा आणि ते आकडे समोर ठेवूनच मागवावे. छातीचे सपाट माप दुप्पट करा. अंगाच्या मापापेक्षा ते किमान चार इंच जास्त हवे.

‘परत घेतले जाणार नाही’ एवढे लिहिले की सुटका होते, असा विक्रेत्यांचा समज आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे सदोष किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा निघालेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. घरातला एखादा जुना कपडा सहज विकणाऱ्याला हे नियम लागू नाहीत; नियमितपणे धंदा करणाऱ्याला आहेत. म्हणून विक्रेत्याने लिहिलेले वर्णन, मापे आणि फोटो यांचे स्क्रीनशॉट पैसे भरण्यापूर्वी घ्या आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ करा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

कळावे,

शिलाई व रफूकाम करणारा एक वाचक,
पुणे