घसरगुंडी आहे, मैदान कुठे?

उपनगरात घर शोधताना दलाल 'गार्डन जवळच आहे' असं हमखास सांगतो. तिथे गेल्यावर दिसतात ते फरशीचे वळणदार रस्ते, शोभेची झाडं, कोपऱ्यात दोन झोपाळे आणि 'चेंडू खेळण्यास मनाई'चा फलक. विकास आराखड्यात उद्यान आणि खेळाचं मैदान ही आरक्षणं वेगवेगळी असतात, ती उगाच नव्हे. चार वर्षांच्या मुलाचं घसरगुंडीवर भागतं. बारा वर्षांच्या मुलीने खो-खो कुठे खेळायचा?

नव्या संकुलांत खेळायची जागा पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या डोक्यावर जाते. मनोरंजनासाठीची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका प्रकरणात 2013 मध्ये स्पष्ट केलं होतं. घर घेणाऱ्यांनी नकाशात ती जागा आधी पाहावी, क्लब हाऊस नंतर.

नवी मैदानं मिळतील तेव्हा मिळतील. तोवर शाळांचा विचार करा. शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) निकषांत शाळेला मैदान हवं असं नमूद आहे, पण शाळा सुटली की बहुतेक फाटकांना कुलूप. निदान पालिका शाळांची मैदानं संध्याकाळी दोन तास परिसरातल्या मुलांसाठी उघडावीत. एक रखवालदार, एक दिवा आणि पिण्याचं पाणी, एवढाच खर्च. लग्नसमारंभांना मैदान भाड्याने देताना रखवालदार सापडतोच की!

— एक पालक, कांदिवली