बाबा, नोकरी गेलेली नाही

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, आधी तुमच्या काळजीचं बोलतो. माझी नोकरी गेलेली नाही, मला कोणी काढलेलं नाही आणि मी सोडलेलीही नाही. त्या दिवशी तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा चिमी कडेवर रडत होती म्हणून नीट बोलता आलं नाही, मग आईकडून कळलं की शेजारीपाजारी विचारतात, पोरगा भर दुपारचा घरात कसा काय दिसतो व्हिडिओवर, आणि तुम्हाला काय उत्तर द्यावं ते सुचत नाही. म्हणून आज ती झोपल्यावर सविस्तर लिहायला बसलोय.

इथे इंग्लंडमध्ये बाळंतपणाची रजा ५२ आठवड्यांची असते. पहिले दोन आठवडे आईने घ्यायलाच लागतात, राहिलेले ५० नवरा-बायको आपसात वाटून घेऊ शकतात, त्याला शेअर्ड पेरेंटल लीव्ह म्हणतात आणि हा कायदा २०१५ पासून आहे. अनघाने पहिले सहा महिने घेतले, डिसेंबरात ती कामावर रुजू झाली आणि एप्रिलपर्यंतची रजा मी घेतली. रजेचे पैसे एकूण ३९ आठवड्यांचेच मिळतात आणि माझ्या वाट्याला आलेत ते आठवड्याला दोनशे पौंडांच्या आतले, म्हणजे पगारापुढे काहीच नाही, पण ते आम्ही चिमी पोटात असल्यापासून धरून चाललो होतो आणि त्या हिशोबाने पैसे बाजूला टाकले होते. तेव्हा पैशाची चिंता करू नका आणि कोणी विचारलं तर सरळ सांगा, मुलगा लेकीला सांभाळायला रजेवर आहे. इथेही अशी रजा घेणारे बाप कमीच आहेत, माझ्या टीममध्ये मी पहिलाच, पण मॅनेजरने लगेच हो म्हटलं.

बाबा, ही रजा घ्यावी असं मला का वाटलं ते खरं सांगतो. तुमची ड्यूटी पोफळीला, कोयनेच्या वीजघरात, आम्ही कराडला, तुम्ही आठवड्याची सुट्टी मिळाली की कुंभार्ली घाटातून एसटीने यायचा. एकदा तुम्हीच बोलून गेला होतात की मी वर्षाचा होईपर्यंत तुम्हाला ओळखत नव्हतो, तुम्ही घेतलं की रडायचो, आणि मग तुम्ही मला आईकडे देऊन पिशव्या घेऊन बाजारात जायचात. माझी त्याबद्दल कसलीही तक्रार नाही बाबा, तुम्ही ती नोकरी केलीत म्हणून माझं शिक्षण झालं, मी इथवर पोचलो. पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं होतं. मला हिला रोज घ्यायचं होतं, आणि कायद्याने ती सोय दिली होती.

आता दिवस कसा जातो ते सांगतो, आई नेहमी विचारते. सकाळी सहाला उठते चिमी, अनघा तिला पाजून साडेसातची ट्रॅम पकडते. मग तुमचा फोन, म्हणजे तुमची जेवायची वेळ, तेव्हा ती स्क्रीनवर बाबांचा चष्मा धरायला हात पुढे करते ते तुम्ही बघताच. दुपारचं दूध अनघा ऑफिसात पंपाने काढून आणते, ते फ्रीजमध्ये चार डिग्रीच्या खाली असलं तर आठ दिवस चालतं, मी बाटलीतून देतो. आंघोळ घालायची खोली आधी हीटरने गरम करून घेतो, खोबरेल तेल लावतो, पायाला, पाठीला, तू व्हिडिओवर दाखवलं होतंस तसं. धुरी मात्र देत नाही आई. छताला स्मोक अलार्म आहे ते एक, आणि तसंही एवढ्याशा फुप्फुसात धूर कशाला.

बाहेर जातो रोज. थंडी असो पाऊस असो, इथली लोकं बाळाला घेऊन बाहेर पडतातच, प्रॅमवर प्लॅस्टिकचं कव्हर टाकायचं आणि निघायचं. बीस्टनहून ट्रॅममध्ये प्रॅम सरळ आत चढते, पायरी नाही. नॉटिंगहॅमची नवी सेंट्रल लायब्ररी आहे, २०२३ ला उघडली, तिथे बाळांच्या गाण्यांचा तास असतो, फुकट. सगळे गोल करून गालिच्यावर बसतात आणि बाळांचे हात धरून गाणी म्हणतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी आणि एक पोलिश बाप असे दोघंच पुरुष होतो, आता आमची चांगली ओळख झालीय, त्याच्या मुलाला आणि हिला शेजारी शेजारी ठेवलं की एकमेकांचे मोजे ओढत बसतात. ऊन पडलं तर वोलाटन पार्कात नेतो, तिथे हरणं मोकळी फिरतात, लांबून दिसली तरी ही हात-पाय झाडते. डिसेंबरात पावणेचारला अंधार पडायचा, तेव्हा जेवढा उजेड मिळेल तेवढा घ्यायचा एवढाच विचार असायचा. आता दिवस जरा मोठा व्हायला लागलाय.

आई, आता तुझ्याशी बोलायचंय. उष्टावणाच्या दिवशी तू फोनवर एकदम गप्प झालीस ते मला कळलं. चांदीची वाटी तू पाठवलेलीच होती, अनघाच्या भावाने व्हिडिओवरून आशीर्वाद दिला, तांदळाची खीर होती, आणि तू म्हणालीस बोटाला मध लावून चाटव आणि मी नको म्हटलं. तेव्हा सगळे होते म्हणून कारण सांगत बसलो नाही. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्या माणसाला त्याचं काही होत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढतात आणि विष तयार करतात, बॉट्युलिझम म्हणतात त्याला, क्वचितच होतं पण झालं तर बाळ लुळं पडतं, श्वास अडकू शकतो. म्हणून इथे वर्षापर्यंत मध नाही म्हणजे नाही. मीठ नाही कारण मूत्रपिंडं लहान असतात. साखरही नाही, म्हणून खिरीत खारकेची पूड घातली होती. गाईचं दूध खिरीत, पेजेत चालतं पण आईच्या दुधाच्या जागी बाटलीने वर्षभर द्यायचं नाही, त्यातून लोह मिळत नाही पुरेसं. आणि काजळ. त्यात शिसं असू शकतं म्हणून डोळ्यात घालत नाही, पण तीट मी लावतो, उजव्या तळपायाला, मोज्याच्या आत. तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये, खरंच लावतो.

तू शिकवलेलं मी सोडलंय असं मनात आणू नकोस. नाचणीचं सत्त्व कोण करतं मग? लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवर गेलो की नाचणी घेऊन येतो, भिजवून, फडक्यात बांधून मोड आणतो, इथे ऊन कुठलं, मग हॉलमधल्या रेडिएटरजवळ पंचा पसरून त्यावर वाळवतो, भाजतो, मिक्सरवर दळतो आणि तुझ्याचसारखं दोनदा वस्त्रगाळ करतो. ते शिजलं की त्याचा जो वास येतो ना, घरभर. तिला इतकं आवडतं की चमचा तोंडातून सोडत नाही, आणि हेल्थ व्हिजिटरने, म्हणजे बाळाची वाढ बघायला येणाऱ्या सरकारी नर्सने, विचारलं काय देता, तर मी सांगितलं आणि तिने ते लिहून घेतलं.

वजनाचंही सांगतो कारण तू दर फोनला म्हणतेस बाळ बारीक दिसतंय. इथे प्रत्येक बाळाचं एक लाल पुस्तक असतं, जन्मापासूनची सगळी वजनं, लसी त्यात लिहितात, त्यात वाढीचा तक्ता असतो वक्र रेषांचा. चिमी पंचविसाव्या रेषेवर आहे. म्हणजे तिच्या वयाच्या शंभर मुली वजनाच्या चढत्या क्रमाने उभ्या केल्या तर ही साधारण पंचविसावी येईल. ती पन्नासावर असायला हवी असं काही नसतं, आपल्या रेषेच्या आसपास चढत राहिली म्हणजे झालं, आणि ती पहिल्यापासून तशीच चढतीये. मी स्वतः पेन्सिलने टिंबं जोडून बघितलीत. तेव्हा बारीक आहे, पण कमी नाही.

लसी सगळ्या वेळेवर झाल्या, आठ, बारा आणि सोळा आठवड्यांना. बीसीजी इथे सगळ्यांना देत नाहीत माहितीये का, मुख्यतः ज्यांचे आई-बाप किंवा आजी-आजोबा टीबी जास्त असलेल्या देशात जन्मले त्यांना देतात, त्यामुळे हिला मिळाली. डाव्या दंडावर बारीकसा व्रण आलाय, आपल्या सगळ्यांच्या दंडावर आहे तसाच. अनघाच्या ऑफिसातल्या गोऱ्या लोकांच्या बाळांना बहुतेक तो नसतो. मला तो बघून का कोण जाणे फार बरं वाटलं.

झोपेबद्दल तुमच्या दोघांचं मत वेगळं आहे, तरी सांगतो. उताणी, सपाट गादीवर, उशी नाही, मोहरीची सुद्धा नाही, पांघरूण नाही, बिनबाह्यांची झोपायची पिशवी घालायची, खोली १६ ते २० डिग्री. तुम्हाला थंडी वाटेल एवढी, पण हे लोक उगाच म्हणत नाहीत. पूर्वी इथेही बाळांना पालथं झोपवायचे, १९९१ मध्ये उताणं झोपवा अशी मोठी मोहीम काढली आणि झोपेत दगावणाऱ्या बाळांची संख्या झपाट्याने खाली आली. यात मी कोणाचं ऐकणार नाही, तुमचंही नाही, रागावू नका.

आता मुख्य मुद्दा. एप्रिलमध्ये माझी रजा संपते आणि चिमी नर्सरीत जायला लागेल. नऊ महिन्यांच्या बाळापासून नोकरी करणाऱ्या आई-बापांना आठवड्याला नर्सरीचे ३० तास सरकार फुकट देतं, वर्षातले ३८ आठवडे, त्याचा कोड मी काढून ठेवलाय. पण सुरुवातीला बाळं रडतात, आजारी पडतात, दर आठवड्याला सर्दी घेऊन येतात असं सगळे सांगतात, आणि ताप असला की नर्सरी घेत नाही. त्या महिन्यांत तुम्ही दोघं इथे असावंत असं आम्हाला वाटतं. दोघं. जन्माच्या वेळी बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे आईला येता आलं नाही, आई त्याचं अजून मनाला लावून घेते. तेव्हा मिडवाइफ घरी येऊन बघून जायची, नंतर हेल्थ व्हिजिटर, अनघाची काही आबाळ झाली नाही, तेव्हा ते मनातून काढ आता.

बाबा, तुम्ही म्हणता तुझ्या आईला ने, मी तिथे येऊन काय करू. सांगतो काय करायचं. सकाळी तिला प्रॅममध्ये घालून कोपऱ्यावरच्या तळ्यापर्यंत न्यायचं, तिथे बदकं आहेत, तिला बदकांशी बोलायला फार आवडतं. तिच्याशी मराठीत बोलायचं, दिवसभर, मनात येईल ते, धरणाचं, टर्बाइनचं, भाजीच्या भावाचं, काहीही. नर्सरीत दिवसभर इंग्रजीच कानावर पडणार. आणि तिला मांडीवर घेऊन बसायचं. रडली तरी लगेच द्यायचं नाही कोणाकडे. दोन दिवस रडेल, तिसऱ्या दिवशी तुमचा चष्मा काढून घेईल.

व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. फॉर्म मी इथून भरतो, फिंगरप्रिंटला तेवढं पुण्याला जावं लागेल. इन्शुरन्स मी काढतो, कारण व्हिजिटरला इथल्या हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं तर बिल येतं, बाबांनी बीपीच्या गोळ्या पूर्ण मुदतीच्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घ्यायची. आई, साताऱ्याचे कंदी पेढे आणू नकोस, तूपही नको, दुधाचे पदार्थ भारतातून इथे आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतील आणि तुला वाईट वाटेल. मेतकूट आण, गोडा मसाला आण. आणि आजीच्या लुगड्याची गोधडी आण, झोपताना घालता येणार नाही पण जमिनीवर टाकली की ती त्यावर पालथी खेळेल, आता पुढे सरकायला बघतेय.

तुमच्या दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो, बाबांच्या पेन्शनची स्लिप आणि बँकेचं गेल्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट एवढं मला व्हॉट्सॲपवर पाठवा. फोटो नीट उजेडात काढा, कडा कापल्या जाऊ देऊ नका. बाबांच्या पासपोर्टची मुदत बघून ठेवा, संपत आली असेल तर आधी ते काम करू.

चिमी उठली.

तुमचा,
बाळ्या