ओळ संपली, वाक्य नाही

ती. काका,
सा. न.

तुमचा पहिला फोन आला तेव्हा खरं तर मी चिडले होते. अंध श्रोत्यांसाठी हौसेनं कविता रेकॉर्ड करून देतेय, आणि वर तक्रार! तुम्ही मात्र शांतपणे विचारलंत, "प्रत्येक ओळीशी का थांबता? मला वाटतं वाक्य संपलं. पुढची ओळ आली की मागची पुन्हा जोडून घ्यावी लागते."

ओळ संपली की थांबायचं, असंच मी शाळेत शिकले होते.

मग तुम्ही तुकोबांना मध्ये घेतलंत. 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी । कर कटावरी ठेवोनिया ॥' त्या उभ्या दंडाशी मी आवाज पार खाली सोडला होता. तुम्ही म्हणालात, "तिथे श्वास घ्या, आवाज टाकू नका. हात अजून कमरेवर यायचेत!" अभंगाच्या चार तुकड्यांचा ६-६-६-४ अक्षरांचा हिशेब मला पाठ होता, पण दंड छंदाचा असतो, वाक्याचा नसतो, हे कधी सुचलंच नव्हतं. स्वल्पविराम-पूर्णविराम ही मंडळी मराठीत आली १९व्या शतकात, इंग्रजीवरून. इंग्रज कोशकार मेजर कँडींचा त्यात मोठा हात. तुकोबांच्या अभंगात कुठे थांबायचं ते अर्थालाच विचारावं लागतं.

नव्या कवितांत मात्र कवीनं खुणा करून ठेवलेल्या असतात, आणि मी त्या सर्रास गिळत होते. तुमच्या ब्रेल प्रतीत स्वल्पविराम म्हणजे एकच टिंब. तेवढं एक टिंब मी खाल्लं तरी तुमच्या बोटांना कळायचं, की आलाच फोन!

आता आधी पेन्सिल घेऊन बसते. स्वल्पविरामाशी आवाज वरच धरायचा, पूर्णविरामाशी खाली ठेवायचा. ओळीच्या शेवटी काहीच चिन्ह नसेल तर थांबत नाही, शेवटचं अक्षर किंचित लांबवते. ओळ कळते, वाक्यही तुटत नाही. अपसारणचिन्हानं, म्हणजे डॅशनं (—), फार छळलं. तिथे कवी अडखळतोय की स्वतःलाच खोडून काढतोय, हे ठरवल्याशिवाय तोंड उघडता येत नाही.

परवा एका लग्नात मंगलाष्टकं चालली होती. गुरुजी 'गजमुखं'शी थांबले आणि मी अक्षता टाकायच्या सोडून बोटं मोजत बसले: बरोब्बर बारावं अक्षर, शार्दूलविक्रीडित वृत्ताचा यती, म्हणजे थांबायची जागा! हे वेडही तुमचंच.

तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते, म्हणून हे पत्र. आणि एक काम आहे. पुढच्या रेकॉर्डिंगसाठी जी कविता आलीय तिच्यात एकही विरामचिन्ह नाही. तीनदा वाचली, तिन्ही वेळा वेगळ्याच ठिकाणी थांबले. रविवारी फोन करू?

तुमची,
वाचणारी