नंद्या, चार आठवडे काढून बघ

विश्रामबाग, सांगली
रविवार, रात्री

प्रिय नंद्या,

फोनवर तुझ्या रोजच्या गांज्याचा विषय काढला की तू हसतोस, तू हसलास की मलाही हसू येतं, आणि बोलायचं ते राहून जातं. म्हणून कागद घेतला. दुकान बंद करून आलोय, पोरं झोपलीत. तू चहा ठेव आणि शेवटपर्यंत वाच. वहिनींना वाचायला दिलंस तरी माझी हरकत नाही. खरं तर द्यावंसच.

गांजा ओढणारा म्हणजे वाया गेलेला, असं मला म्हणायचं नाही. औषधाच्या दुकानात इतकी वर्षं काढल्यावर कोण काय घेतो त्यावरून माणूस तोलायची खोड मोडते. दारूनं धुळीला मिळालेले संसार तू आणि मी आपल्याच गल्लीत बघितलेत, गांज्यानं मेलेला माणूस मी बघितलेला नाही. हा तुझा मुद्दा मान्य. कॅनडानं २०१८ साली मोकळीक दिली, तेही मान्य. पण मोकळीक दिली म्हणजे ती गोष्ट बाधत नाही, असं कुठं असतं लका? तंबाखूवर कुठं बंदी आहे?

आणि तुझा तो लाडका इंग्रजांचा अहवाल. १८९३-९४ चं हेम्प ड्रग्ज कमिशन. बेतानं घेणाऱ्याला फारसा अपाय होत नाही, असं त्यात आहे, खरंय. वेड्यांच्या इस्पितळांत कुणाचंही वेड गांज्याच्या खात्यावर मांडून मोकळे व्हायचे, हेही त्यांनीच उघडं पाडलं. पण अति घेतल्यानं शरीराचं आणि मनाचं नुकसान होतं, हे वाक्यही त्याच अहवालात आहे, ते तू दर वेळी गाळतोस. रोज संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी दुपारपासून, हे बेतात बसतं का, तूच सांग. शिवाय तेव्हाचा माल वेगळा. अमेरिकेत पकडलेल्या गांज्याची तपासणी वर्षानुवर्षं होते. त्यात नशा आणणारा घटक, म्हणजे टीएचसी, १९९५ च्या सुमारास सरासरी ४ टक्के होता, तो २०१४ पर्यंत १२ टक्क्यांच्या आसपास गेला. तुला पुण्यात जे ‘हायड्रो’ म्हणून मिळतं त्यात किती आहे, हे देणाऱ्यालाही माहीत नसणार.

आता मुद्द्यावर येतो. मिरजेची ती बैठक आठव. बुवांचा यमन, मध्यलयीतला तीनताल, तू तबल्यावर, मी पेटीवर. बैठकीआधी तू गच्चीवर जाऊन आला होतास, वासावरनं कळलं मला. नंतर जेवताना तू म्हणालास, “आज हात काय लागला होता रे! असं कधी वाजलं नव्हतं.” मी गप्प बसलो, कारण बुवांनी दोनदा हातानं लय खाली घ्यायची खूण केली होती आणि तू डोळे मिटून पुढं निघाला होतास. घरी येऊन मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावलं, शेजारी लयीचे ठोके देणारं मेट्रोनोमचं अॅप. लय चढते थोडी, कुणाचीही चढते. तुझी मात्र बंदिशीच्या तोंडापासून दुसऱ्या मुखड्यापर्यंतच सुटली होती. आणि ती लांबलचक तिहाई (वहिनींसाठी सांगतो, एकच तुकडा तीनदा वाजवून तालाच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, यायचं), जिच्यावर सतरंजीवरच्या पोरांनी ‘वाह’ केलं, ती समेच्या अर्धी मात्रा आधी पडली. बुवांनी सम सावरून घेतली म्हणून निभावलं.

याला कारण आहे. टीएचसीनं वेळेचा अंदाज बिघडतो, आतलं घड्याळ पुढं पळतं. डोळे मिटून ‘एक मिनिट झालं की सांग’ असं सांगितलं तर नशेतला माणूस मिनिट भरायच्या आधीच ‘झालं’ म्हणतो. त्याला वाटतं, बराच वेळ गेला. तुला मात्रांच्या मधल्या जागा ऐसपैस वाटतात, त्यात वाटेल तेवढं भरावंसं वाटतं, आणि बाहेर ऐकणाऱ्याला तू घाईत असतोस. तबलजीच्या बाबतीत यापेक्षा वाईट काय असणार?

पण मला बोचलं ते चुकलेल्या समेपेक्षा तुझं ‘असं कधी वाजलं नव्हतं’. २०२२ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एक अभ्यास झाला. गांजा घेतलेल्या आणि न घेतलेल्या लोकांना नव्या कल्पना सुचवायला लावल्या. घेतलेल्यांना स्वतःच्या कल्पना जास्त भन्नाट वाटल्या, दुसऱ्यांच्यासुद्धा वाटल्या. तटस्थ माणसांनी तपासल्या तेव्हा फरक काही नव्हता. म्हणजे माल तोच, भाव तेवढा वाढलेला. मला तुझ्याबद्दल जे म्हणायचंय ते एवढंच आहे नंद्या. ज्या डोक्यानं तू ठरवणार की गांज्यानं माझं काही बिघडलेलं नाही, त्याच डोक्यावर रोज त्याचा अंमल आहे. तू आजच्या नंद्याची तुलना कालच्या नंद्याशी करतोस, आणि कालचाही ओढलेलाच होता.

बाहेरून काय दिसतं ते मी सांगतो. बोलता बोलता मधेच थांबतोस आणि विचारतोस, “काय म्हणत होतो मी?” पूर्वी तुला बुवांच्या जुन्या बैठका तारीखवार पाठ असायच्या, आता परवा सांगितलेली गोष्ट आज नवी असते. गेल्या खेपेला पेठनाक्याचं वळण सोडून थेट किणीच्या टोलनाक्यावर पोचलास आणि तिथून फोन केलास. आपण हसलो. पण लहानपणापासूनचा रस्ता तो! मेंदूत नवीन आठवण जिथं बसते त्या भागात, त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात, टीएचसीला धरून ठेवणाऱ्या जागा खच्चून भरलेल्या आहेत. रोज ओढणाऱ्याच्या मेंदूत या जागा हळूहळू कमी होत जातात, म्हणून पूर्वी दोन झुरक्यांत व्हायचं त्याला आता पुरा जॉइंट लागतो. शिवाय टीएचसी चरबीत मुरतं. रोजच्या माणसाच्या लघवीत त्याचे अवशेष ओढणं सोडल्यावरही कित्येक आठवडे सापडतात. सकाळी ऑफिसला जाताना तू स्वतःला कोरा समजतोस, तितका कोरा नसतोस.

झोपेचं तुझं म्हणणं मी नीट ऐकलंय. ‘ओढल्याशिवाय झोप येत नाही, आली तर भयंकर स्वप्नं पडतात, म्हणजे मला गरजच आहे.’ हे उलटं बघ. गांज्यानं सुरुवातीला डोळा लवकर लागतो, पण स्वप्नांची झोप आखडते. सवय झाली की लवकर लागणंही संपतं. मग एखाद्या दिवशी ओढला नाही की अडवून ठेवलेली स्वप्नं एकदम लोंढ्यानं येतात. संध्याकाळी सात वाजता पोरावर खेकसतोस, जेवण जात नाही, हेही त्यातलंच. ती तल्लफ आहे. ऑफिसचा ताण तू म्हणतोस त्यातला बराचसा ताण गांजाच संध्याकाळी तयार करतो आणि मग तोच घालवल्याचं श्रेय घेतो.

तुला घाबरवायला अर्धवट माहिती देणार नाही. न्यूझीलंडमधल्या डनेडिन गावात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांवर आजवर लक्ष ठेवलंय. २०१२ साली त्यातून निघालं की पोरवयात सुरू करून वर्षानुवर्षं ओढत राहिलेल्यांचा बुद्ध्यांक अडतिसाव्या वर्षापर्यंत सुमारे ८ गुणांनी घसरला. पुढं जुळ्या भावंडांवर अभ्यास झाले, त्यांत ओढणारा आणि न ओढणारा यांच्यात तसा फरक निघाला नाही. दोष गांज्याचा किती आणि घरच्या परिस्थितीचा किती, यावर अजून वाद आहे. आणि तू तर तिशीनंतर पुण्यात गेल्यावर रोजचा झालास, तेव्हा तो आकडा तुला लागू करणं बरोबर नाही.

तुझ्या पुतण्याला मात्र लागू होऊ शकतो. सोळा वर्षांचं पोर तुझ्याकडे राहतंय, गॅलरीचा दरवाजा लावला म्हणून त्याला कळत नाही असं तुला वाटतं? मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते. ओढणाऱ्या सगळ्यांत दहातल्या साधारण एकाला सुटेनासं होतं, पोरवयात सुरू करणाऱ्यांत सहातल्या एकाला. माझा काका रोज ओढतो आणि मस्त आहे, हेच तो शिकतोय.

आणि एक गोष्ट आपण कधीच बोलत नाही, ती तुझ्या मामांची. त्यांना कानात आवाज यायचे, शेजारी आपल्याविरुद्ध कट करतायत म्हणायचे, मामींनी काय काय सोसलं ते काकूंच्या तोंडून आपण दोघांनी ऐकलंय. स्वीडनमध्ये लष्करभरतीला आलेल्या ४५,००० हून अधिक तरुणांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला. ज्यांनी पन्नासपेक्षा जास्त वेळा ओढलं होतं त्यांच्यात स्किझोफ्रेनिया सहापट आढळला. १९८७ सालचा निष्कर्ष आहे. २०१९ साली युरोपात आणि ब्राझीलमध्ये बघितलं, तिथं रोज जहाल माल ओढणाऱ्यांना भास-संशयाचा असा झटका येण्याची शक्यता जवळपास पाचपट निघाली. बहुतेकांना काही होत नाही, हे खरं. पण रक्तातच तो कल असला तर हिशेब बदलतो. तुझ्या रक्तात तो असू शकतो. मागच्या महिन्यात तू म्हणालास ना, ऑफिसातले लोक माझ्याबद्दल ग्रुपवर बोलतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. बोलत असतीलही. पण मनोविकारतज्ज्ञाला एकदा दाखवून घे, आणि मामांचं त्यांना आपणहून सांग.

आता मागणं. चार आठवडे पूर्ण बंद. कमी नको, बंद. हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी २००१ साली वर्षानुवर्षं ओढणाऱ्यांची स्मरणशक्ती बघितली. बंद केल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशी ते मागं होते, अठ्ठाविसाव्या दिवशी न ओढणाऱ्यांच्या बरोबरीला आले होते. मेंदूतल्या त्या कमी झालेल्या जागाही साधारण तेवढ्याच दिवसांत भरून येताना स्कॅनवर दिसल्यात. म्हणजे तुझं बरंचसं परत मिळण्यासारखं आहे, आणि खरा नंद्या कसा वाजवतो, कसा आठवतो, हे तेव्हाच कळेल. त्यानंतर काय करायचं ते तू ठरव. ते डोकं तुझं असेल.

पहिला आठवडा वाईट जाईल. चिडचिड, घाम, भूक नाही, स्वप्नं तर विचारू नकोस. दोनेक आठवड्यांत बरंच ओसरतं, झोप मात्र रेंगाळते. माझ्याकडे झोपेची गोळी मागू नकोस, चिठ्ठीशिवाय देणार नाही. गांजा सोडवायची अशी ठरलेली गोळी नाही, समुपदेशनानंच सुटतो. घरात असलेला माल वहिनींसमोर टाकून दे, ‘शेवटचा म्हणून’ ठेवू नकोस. त्यात सिगारेटचा तंबाखू मिसळतोस, तेव्हा निम्मी तल्लफ निकोटिनची असणार. जॉइंट सोडून सिगारेटी वाढवल्यास तर आगीतून फुफाट्यात. पुणे-सांगली गाडी तेवढे दिवस स्वतः चालवू नकोस, एसटीनं ये. अवघड वाटलं तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर आहे, मन फारच बिघडलं तर १४४१६ टेली-मानस. दोन्ही फुकट. पोलिसांची भीती घालून घेऊ नकोस. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात गांजा ओढल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. पण त्याच कायद्यातलं ६४अ कलम सांगतं की व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला, तर ओढल्याबद्दल किंवा थोडा माल सापडल्याबद्दल त्याच्यावर खटला चालत नाही. मात्र उपचार पुरे करावे लागतात.

पहिल्या शनिवार-रविवारी मी पुण्याला येतोय. पेटी आणतोय. संध्याकाळी सातला बसायचं, नुसता ठेका, मेट्रोनोम लावून, बाकी काही नाही. पुतण्यालाही बसव, टाळी धरेल. डग्ग्याची शाई निघालीय म्हणत होतास, तो तयार ठेव, परत येताना घेऊन येतो आणि मिरजेत टाकतो. आणि वहिनींना विचारून कळव, भडंग साधं आणू का लसणाचं.

तुझा,
सुन्या