रापीवर मुकुट

डंडी (स्कॉटलंड), रविवार

ती. आबा व सौ. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहायला बसले. आबा, इथे एका थडग्यावर मला तुमची कातडं कापायची रापी दिसली.

शहराच्या मधोमध ‘हाउफ’ नावाची जुनी दफनभूमी आहे. आधी तिथे ख्रिस्ती मठाची बाग होती. १५६४ साली स्कॉटलंडच्या मेरी राणीने ती जागा गावाला दिली. हाउफ म्हणजे जमायची जागा. डंडीच्या नऊ कारागीर संघांच्या बैठका तिथेच, थडग्यांच्या मधे भरायच्या. अठराव्या शतकात त्यांची स्वतःची इमारत झाली, तोवर हे असंच चाललं. पाववाले, चांभार, हातमोजे करणारे, शिंपी, टोप्या करणारे, खाटीक, लोहार, विणकर आणि रंगारी, असे ते नऊ.

इकडच्या जुन्या दगडांवर कवटी, हाडं आणि वाळूचं घड्याळ कोरलेलं असतं. ते सगळ्यांना सारखंच. माणूस ओळखू येतो तो अवजारावरून. शिंप्याची कात्री नि इस्त्री, विणकराचा धोटा, लोहाराचा हातोडा, शेतकऱ्याचा नांगराचा फाळ. पाववाल्याचं तर भट्टीत पाव सारायचं लांब दांड्याचं फावडं, त्यावर पावसुद्धा! आई, तुला आवडेल असं एक सांगते: इथे नवऱ्याच्या दगडावर बायकोचं नाव माहेरच्या आडनावासकट लिहीत.

आणि चांभाराची रापी. पातं अर्ध्या चंद्रासारखं, तुमच्या रापीपेक्षा जास्त वळलेलं, आणि वर राजमुकुट. हेच त्यांच्या संघाचं चिन्ह. चांभाराला इथे ‘कॉर्डिनर’ म्हणत. स्पेनमधल्या कोर्दोबा शहराचं कातडं नावाजलेलं होतं, त्यावरून तो शब्द आला. हे संघ सगळ्यांना सामावून घेत असं मात्र नाही. सभासद नसलेल्याला गावात तो धंदा करू देत नसत. तरी ज्याने जन्मभर कातडं कापलं, त्याच्या नावाशेजारी रापी कोरायला त्याच्या घरच्यांना संकोच वाटला नाही.

मी तिथे खूप वेळ उभी होते. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून मी ‘शेती’ लिहायचे, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. एकदा वर्गात खरं कळलं, तेव्हा शेजारच्या मुलीने डबा उचलून दुसरा बाक धरला होता. त्या दिवशी घरी आले तेव्हा तुम्ही चपलेच्या कानाला वादी ओवत होता. मला बघून ‘हात धू, जेवायला बस’ म्हणालात. मी बोलले नाही. आज बोलते आहे.

दगड पावसाने झिजलेत, वाळूचाच दगड तो. कागद ठेवून घासला तर कणी निघते, म्हणून हात न लावता वहीत चित्र काढलं. सोबत पाठवते आहे. पातं बरोबर जमलंय का, तुम्हीच सांगा.

आणि एक काम करा. आजोबांची ती झिजून अर्धी झालेली रापी कागदावर ठेवून पेन्सिलीने कड काढा आणि तो कागद मला पाठवा. आरीचाही चालेल. मला दोन्ही चित्रं एका चौकटीत, माझ्या टेबलासमोर लावायची आहेत.

आईने गुडघ्याचं औषध बंद करू नये. दादा-वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

तुमची,
बाई